डोंगर दिसणारी खिडकी

बदलापुरात भाड्याचे घर शोधायचे तर आधी दिशा विसराव्या लागतात. कल्याणनंतर रूळ आग्नेयेकडे वळतात, पण स्टेशनांची ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ मुंबईकडून आली तशीच पुढे चालू राहते. त्यामुळे बदलापूर ‘पूर्वे’च्या गॅलरीतून चंदेरीकडचे डोंगर दिसतात ते नैऋत्येला, आणि उल्हास नदी वाहते ती ‘पश्चिमे’ला, म्हणजे खरे तर ईशान्येकडे. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी होकायंत्र घेऊनच यावे.

एजंट कुलूप उघडतो तो थेट गॅलरीत नेतो. “हिल व्ह्यू आहे, ताई.” असतोही. पण नैऋत्य मोसमी पाऊस येतो तोही त्याच बाजूने. डोंगर दाखवणारी भिंतच चार महिने झोडपली जाते. म्हणून मी आधी पाठ फिरवून त्या भिंतीचा आतला कोपरा बघते. बाकी खोली मळकी आणि तेवढाच पट्टा ताज्या रंगाचा असेल, तर तिथे ओल आहे. कपाट नेमके तिथेच सरकवले असेल तर ते हलवायला सांगावे. एजंटचा चेहरा पडला की उत्तर मिळाले.

पाण्याची वेळ मात्र त्याला विचारू नये, ती समोरच्या दारातल्या काकूंना विचारावी. त्या पाण्याबरोबर लिफ्ट, सेक्रेटरी आणि आधीचे भाडेकरू का गेले हेही सांगतात. नदीकाठी तळमजला स्वस्तात मिळत असेल, तर जुलै २०१९ आठवावा. त्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले.

तरी लोक येतात. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. ठाणे-डोंबिवलीचे भाडे झेपत नाही, आणि मुलांना खाली खेळायला सोडता येईल असे आवार हवे असते. त्याची किंमत गर्दीची लोकल रोज वसूल करते.

“फॅमिलीच ना?” हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी येतो. नोकरी करणाऱ्या एकट्या मुलीला इथेच नकार मिळतो, आणि तो सोसायटीचा नियम म्हणून सांगितला जातो. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. घर शांत ठेवणे आणि लग्न झालेले असणे यांचा संबंध अजून कोणी दाखवून दिलेला नाही.

व्यवहार जमला की एका संध्याकाळी करार करणारा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार आणि अंगठे. धुण्या-भांड्यांनी झिजलेला अंगठा यंत्र पटकन ओळखत नाही. “काकू, पदराला पुसा. आता जोरात दाबू नका.” तोवर मालकाचा चहा थंड होतो. करार बहुधा ११ महिन्यांचा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे दहा टक्क्यांनी काढलेले व्याजही धरतात. रक्कम इतकी किरकोळ असते की “नोंदणी कशाला, नोटरी करू” असे म्हणणारा मालक नेमके काय वाचवतो आहे, हे विचारावेसे वाटते.

कारण ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला हे शांतपणे सांगा, बहुतेक वेळा लॅपटॉपवाला त्याच आठवड्यात येतो. आणि घर बघायला शक्यतो जुलैत जा.