चालत्या कर्नेलमधील नवा दप्तरदार

संगणकाच्या डिस्कवर प्रत्यक्षात असतात ती केवळ क्रमांक घातलेली असंख्य घरे; त्यांपैकी कोणत्या घरांत कोणाचा पत्रव्यवहार आहे, कोणती रिकामी आहेत आणि काय पाहण्याची मुभा कोणाला आहे, हा सारा बंदोबस्त राखणारा जो दप्तरदार, तीच फाइल सिस्टिम. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्सचा कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, लिहिला, तेव्हा हे काम मिनिक्स या आधीच्या कार्यप्रणालीच्या धर्तीवरील फाइल सिस्टिमकडे होते. तिच्यात फाइलीचे नाव १४ अक्षरांपलीकडे जात नसे आणि ६४ मेगाबाइटांहून अधिक जागेचा हिशेब तिला ठेवता येत नसे. या अडचणीपायी रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये एक्स्ट आणि पुढल्याच वर्षी एक्स्ट-२ रचली.

या घराण्याची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. मोठा फेरबदल करावयाचा झाला, की चालू दप्तरदाराच्या संहितेला हात न लावता तिची समग्र नक्कल काढावी, तिला निराळे नाव द्यावे आणि सुधारणा त्या नकलेतच कराव्यात. २००६ मध्ये एक्स्ट-२ नंतरच्या एक्स्ट-३ ची अशी नक्कल कर्नेलमध्ये दाखल झाली ती 'एक्स्ट४डेव्ह' या नावाने, म्हणजे उमेदवार म्हणून. २००८ च्या अखेरीस ते शेपूट गळाले आणि एक्स्ट-४ सेवेत कायम झाली.

ही सावधगिरी अनाठायी नव्हे. सामान्य प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. परंतु कर्नेलच्या अंतर्भागात एका विभागाला दुसऱ्याच्या स्मृतीपासून रोखणारा पहारेकरी नसल्यामुळे, तेथील एका चुकीने अवघे यंत्र थिजते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, काहीच झाले नाही असे भासवून भलत्याच जागी काहीबाही लिहिले जाते. म्हणून हीच रीत स्वतः करून पाहणाऱ्याने आभासी यंत्रात बसावे, एक्स्ट-२ ची मूळ संहिता वेगळी काढावी, तिचे नाव बदलावे (एकाच नावाची दुसरी फाइल सिस्टिम कर्नेल नोंदवून घेत नाही) आणि ती मॉड्यूल म्हणून, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू न करता चालत्या कर्नेलमध्ये घालता येईल अशा सुट्या भागाच्या रूपाने, कंपाइल करावी. या मॉड्यूलवर ते ज्या कर्नेलसाठी घडवले त्याच्या आवृत्तीचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर दाखल करण्याची आज्ञा सरळ फेटाळली जाते.

खरी डिस्कही पणाला लावण्याचे कारण नाही. शून्यांनी भरलेली शंभर मेगाबाइटांची एक फाइल करावी, तिच्यावर एक्स्ट-२ ची आखणी करावी आणि लूप उपकरणाच्या द्वारे तीच डिस्क आहे असे भासवून, आपले नवे नाव सांगून, ती माउंट करावी, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीला जोडावी. पुढे मॉड्यूल काढू गेल्यास ते 'वापरात आहे' असे उत्तर येते, कारण माउंट उतरवलेला नसतो. आणि माउंट उतरवू गेल्यास तोही 'व्यग्र' असतो, कारण नवशिक्याची टर्मिनलची खिडकी बहुधा त्याच डिरेक्टरीत ठाण मांडून असते!

चार फाइली लिहून वाचता आल्या, एवढ्यावर कित्येकांचे समाधान होते. माझे होत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सची २.४.१५ ही आवृत्ती निघाली, तिच्यात लिहिणे-वाचणे सुरळीत होते, पण माउंट उतरवताना फाइल सिस्टिम बिघडण्याचा दोष राहून गेला होता आणि काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली. तेव्हा उतरवल्यानंतर 'एफएससीके' या, दप्तराचा हिशेब जुळतो की नाही हे पाहणाऱ्या प्रोग्रामकडून तपासणी हवीच. परंतु लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हा प्रश्न त्याहून अवघड. त्यासाठी लिनक्समध्ये डिस्कवर पडणाऱ्या प्रत्येक लेखनाची क्रमवार नोंद ठेवणारी सोय आहे: ती नोंद आरंभापासून पुन्हा चालवायची, वाटेल त्या टप्प्यावर थांबवायची आणि त्या अर्धवट दप्तराची तपासणी करून पुढच्या टप्प्याकडे वळायचे.