डोकं शिणलं की टेकडी

मुद्रितशोधनात डोळ्यांपेक्षा लक्ष जास्त खर्ची पडतं. मजकूर कितीही रंगतदार असो, आपण त्यात रमायचं नाही. वेलांटी बघायची, अनुस्वार बघायचा. चार तास प्रुफं वाचली की ‘कि’ आणि ‘की’ सारखेच दिसायला लागतात. मग चहाने भागत नाही. मी सरळ उठते आणि वेताळ टेकडी चढते.

या शिणवट्याचा छडा मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने लावला. एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं तर बाकीच्या दहा सतत बाजूला साराव्या लागतात, आणि दमते ती ही सारण्याची ताकद, असं त्यांचं म्हणणं. झाडंपाखरं लक्ष वेधून घेतात, पण ताण देत नाहीत. तेवढ्यात त्या ताकदीला विसावा मिळतो.

टेकडीवर हे रोज दिसतं. गिरिपुष्पाच्या वाळक्या फांदीवर वेडा राघू बसलेला असतो. एकदम झेपावतो, हवेतच माशी टिपतो, परत तिथेच येऊन ती फांदीवर आपटतो आणि मग गिळतो. त्याच्याकडे मुद्दाम बघावं लागत नाही, नजर आपसूक जाते. काही निसटलं तरी बिघडत नाही. माझ्या कामात नेमकं उलटं असतं.

मिशिगनच्याच संशोधकांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना आकडे ऐकवून ते उलट्या क्रमाने म्हणायला लावले. मग त्यांना कधी वृक्षोद्यानात, तर कधी शहराच्या रहदारीत तासाभराच्या आत-बाहेर चालवून आणलं आणि पुन्हा तीच चाचणी घेतली. झाडांमधून आल्यावर आकडे जास्त चांगले जमले. रस्त्यावरून आल्यावर तसा फरक पडला नाही. चालणं दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणजे गुण नुसत्या व्यायामाचा नव्हे. कडाक्याच्या थंडीत गेलेल्यांना तर फिरण्यात फारशी मजाही आली नव्हती, तरी फायदा झालाच.

सकाळी टेकडीवर निम्मी मंडळी फोनवर बोलत चालतात. पायांना व्यायाम होतो, पण लक्ष ऑफिसातच अडकलेलं असतं. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, “मला नाही बाई त्या झाडाझुडपांत मजा येत.” मी म्हणते, “नाही आली तरी चालेल काकू, फक्त फोन घरी ठेवा.”