वावरात बाई, सातबाऱ्यात कोण?

वाचकहो, दसरा सरला की दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या कोणत्याही शिवारात सकाळी चक्कर मारा. पऱ्हाटीच्या तासांत कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना दिसतील त्या बहुतेक बायाच. सरकी टोबली त्यांनी, पावसाळाभर निंदणही केले त्यांनीच. वखर, डवरा, फवारणीचा पंप पुरुषाकडे. वाकून करायचे काम बाईकडे. ही वऱ्हाडातली जुनी वाटणी. आता त्याच वावराचा सातबारा काढून पाहा. बहुतेक घरी नाव सासऱ्याचे, नाही तर नवऱ्याचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात महिला खातेदार शंभरात जेमतेम चौदा होत्या.

"घरचंच तं आहे वावर, बाईच्या नावानं कायले पाहिजे?" असे पारावर कोणीही म्हणेल. घर सुरळीत चालते तोवर काही अडत नाही. अडते ते धनी गेल्यावर. पीककर्जाला सातबारा, किसान सन्मानच्या हप्त्याला सातबारा. कर्जापायी नवरा गमावलेल्या कितीतरी बाया आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. वावर सासऱ्याच्या नावे असले, की त्यांना बँकेच्या दारात उभे राहणेही कठीण.

खरे तर कायदा बाईच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्याच्या मागे पत्नीला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशात तो २००५ साली आला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. पण कायदा राहतो कागदावर आणि बहीण सही करते हक्कसोडपत्रावर. का? तर माहेर तुटू नये म्हणून. दिवाळीच्या एका लुगड्यावर एकरांचा हिशेब मिटतो.

यावर आपल्याकडेच एक वाट निघाली होती. शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन १९८९ साली अमरावतीला भरले. त्याच सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे थोडी तरी जमीन करा. ज्या गावात शंभर जणांनी ती केली, ते गाव लक्ष्मीमुक्त. अनेक गावांनी ते करून दाखवले. पुढे १९९२ साली शासनानेही, नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक काढले.

तेव्हा शेतकरी भावांनो, कापूस विकायला गावाबाहेर निघालच. त्याच फेरीत तलाठ्याकडे जा, सातबारा काढा, घरधनिणीचे नाव लावायचा अर्ज द्या. आणि मायबाई, घरात कोणी वारले असेल तर वारस नोंद लांबवू नका. फेरफारात आपले नाव आले की नाही, ते दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागले तरी घ्या. हक्कसोडपत्रावर सही मागितली तर कागद एक रात्र घरी ठेवा. सही करणे आपल्या हाती आहे, केलेली सही फिरवणे नाही.