भिंतीवरचे महाराज, ब्राँझमधले महाराज

पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. १९२८ साली उभारलेला हा पुतळा घडवला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी. त्यांचा जन्म १८९१ मध्ये अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर महाराजांचे चित्र काढले होते. कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडले आणि त्यांच्याच मदतीने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कला शाळेत पोहोचला. त्यांची शिल्पे आजही सासवण्याच्या घरी पाहायला मिळतात. ते चित्र कुणी पाहिलेच नसते, तर? आपल्या घरातल्या पोराने भिंत रंगवली, तर रागावण्याआधी चित्र एकदा नीट पाहावे.