भुतांची गाणी आणि जिवंत माणसे

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात वस्ती गावाच्या कडेला होती आणि स्मशान वस्तीच्या कडेला. दिवेलागणीनंतर गावातल्या बाया ज्या वाटेने जायला भीत, त्याच वाटेने माझी आजी सरपणाची मोळी घेऊन यायची. मी एकदा विचारले, 'आजी, भूत पायलं का वं तू?' ती हसून म्हणाली, 'भुतालेबी जात समजते रे बाबू. आपल्या वाटी काऊन येईन ते?'

तो विनोद होता. पुढे महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवू लागलो, तेव्हा त्या विनोदातला विचार लक्षात आला. आपल्या लोकसमजुतीतली भुते तपासून पाहावीत. मुंजा हा मुंज होऊन सोडमुंज न होता मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. त्याचे घर पिंपळावर. ब्रह्मसमंधही ब्राह्मणाचाच. समंध पुरलेल्या धनावर बसतो. म्हणजे मालमत्तेची राखण मेल्यावरही चालूच. स्त्रियांच्या वाट्याला मात्र जखीण आणि हडळ. बाळंतपणात जी मेली ती हडळ झाली. जिवंतपणी तिला औषध मिळाले नाही, सुईणीपलीकडे आधार मिळाला नाही. मेल्यावर तिचे पाय उलटे करून तिलाच भयाचा विषय बनवले. वर्णव्यवस्था आणि पुरुषसत्ता स्मशानातही सुटत नाही, हे या यादीवरून दिसते.

आता ही रात्रीची गाणी कोणाच्या गळ्यात आहेत ते पाहू. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन येणारा पिंगळा. पिंगळा या रात्रीच्या पाखराची भाषा आपल्याला कळते असे सांगून तो भविष्य गातो. स्मशानाच्या नावाने भिक्षा मागणारा, मूळचा तेलुगूभाषक मसणजोगी. कवड्यांच्या माळा घातलेला भवानीचा भुत्या. मरीआईचा गाडा घेऊन स्वतःच्या अंगावर कोरडे ओढणारा पोतराज. पटकीची साथ आली की गाव मरीआईला शरण जाई आणि साथ गावाबाहेर घालवण्याचे काम गावाबाहेरच्याच माणसावर टाकी. हे सारे भटके वा अस्पृश्य ठरवलेले लोक आहेत. ज्यांना जमीन नाही, ज्यांना दिवसा गावात मान नाही, त्यांच्या हाती व्यवस्थेने रात्र दिली. पार्थ पोळके यांच्या 'आभरान'मध्ये पोतराजाच्या घराचे चित्र आहे. ते वाचताना, ज्याला गाव भिते तोच गावाला किती भितो, हे कळते.

संतांनी या भीतीला वेगळे वळण दिले. एकनाथांच्या (१५३३–१५९९) एका भारुडात बाईला मोठे जबर भूत लागते, नेहमीचे उपाय चालत नाहीत, आणि शेवटी ते भूत सर्वांठायी भरलेले निघते. 'भूत' या शब्दाचा 'प्राणिमात्र' हा अर्थही त्यात खेळवला आहे. ऐकणारा हसतो, आणि हसला की भय थोडे सैल होते. परंतु भारुडाने भगताचा धंदा बंद केला नाही. भयाच्या मुळाशी असलेल्या व्यवहारावर बोट ठेवले ते जोतीराव फुल्यांनी. १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशी शेतकऱ्याच्या गरोदर बायकोला ग्रहांचे भय घालतो आणि त्या भयाचे पैसे करतो. भय हे उत्पन्नाचे साधन आहे, हे त्यांनी रंगमंचासाठी लिहून ठेवले. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी म्हसोबाचा अर्थ बळीच्या राज्यातील 'महासुभा' असा लावला. त्या व्युत्पत्तीविषयी भाषाशास्त्र काहीही म्हणो. ज्याला भ्यायला शिकवले तो आपलाच पूर्वज असू शकतो, ही दृष्टी मोलाची आहे.

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. मेक्सिकोत 'ला योरोना', म्हणजे रडणारी बाई, हिचे गाणे घरोघर ठाऊक आहे. पोरे नदीत बुडवून रात्री काठाकाठाने रडत फिरणारी ही बाई. तिच्या कथेच्या अनेक रूपांत ती मूळनिवासी स्त्री आहे आणि तिला टाकून देणारा स्पॅनिश सरदार. तिकडे व्हेराक्रूझ भागात 'ला ब्रुहा' या चेटकिणीच्या गाण्यावर बाया डोक्यावर पेटते दिवे ठेवून नाचतात. जिच्यावर अन्याय झाला तिलाच भूत करायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी. फरक एवढाच की तिकडच्या त्या गाण्यात तिचे दुःखही गायले जाते. आपल्या हडळीचे दुःख कोण गातो?

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या एका विधवेवर करणीचा आळ आला. कोणाची म्हैस आटली, कोणाचे पोर तापले, बोट तिच्याकडे. एके सकाळी तिचे दार बंद दिसले. ती परत आली नाही. तेव्हा हाताशी कायदा नव्हता. आता आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. अमुक व्यक्ती करणी करते, गुराढोरांचे दूध आटवते, असे सांगून तिच्यावर संशय आणणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कीर्तन, भजन यांना हा कायदा हात लावत नाही. कार्यकर्त्यांनी हे गावोगाव सांगितले पाहिजे.

वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, मग आजीची गाणी टाकून द्यायची का?' मला वाटते, नाही. गाणे जपावे, भय नाकारावे. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच बाज घेतला आणि आशय बदलला. हा मार्ग आपल्यासमोर आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं' कथेतला भीमा रात्री स्मशानात राख चाळतो, प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. त्याला भुताचे भय नाही. खाण बंद पडली आहे, पोट रिकामे आहे. आपल्या साहित्याने दाखवलेले खरे भूत हे आहे.

पहाटेच्या ज्या प्रहरी पिंगळा यायचा, त्याच प्रहरी आपल्या आया जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या गात होत्या. अंधार तोच होता. आजी गेली तेव्हा तिला त्याच वाटेने नेले. परतताना रात्र झाली होती. भ्यालो नाही.