रिपोर्टमधले आकडे काय सांगतात?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. आणि विषय बघून पान उलटू नका. मुलांनीसुद्धा!

गेल्या वर्षी माझी पाळी दोन-दोन महिने येईना. हनुवटीवर राठ केस दिसू लागले. रोह्याला घरी गेले तर आई म्हणाली, "जागरणं कमी कर." पेणच्या मावशीचं म्हणणं, "लग्न झालं की होतं गं सगळं नीट." शेवटी मीच जाऊन रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट देताना लॅबमधला दादा सहज म्हणाला, "एलएच-एफएसएचचा रेशो वाढलाय, पीसीओडी आहे." मी रडतच घरी आले. मग मावशीनेच मला पेणला बोलावून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एकेक ओळ समजावून सांगितली. तेच इथे लिहिते.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते. ती अंडाशयाला दोन संदेश पाठवते. एफएसएचमुळे बीजकोश वाढतो. एलएचमुळे अंडाशयात टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन बनतात (थोडे सगळ्याच बायकांत असतात) आणि त्यांचंच पुढे इस्ट्रोजेन होतं. कंट्रोल सिस्टिम्सचा फीडबॅक लूपच हा! पीसीओएसमध्ये बऱ्याचदा एलएचचे ठोके जलद पडतात, पुरुषी हार्मोन वाढतात आणि बीजकोश अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत 'सिस्ट' दिसतात ते हेच. अंडं बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते.

मग एलएच दुप्पट दिसला की निदान झालं? नाही! अनेक रुग्णांत रेशो नॉर्मल असतो, म्हणून तो निकषांत नाहीच. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असणं (रक्तात किंवा राठ केसांसारख्या लक्षणांत) आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी रक्तातलं एएमएच चालतं. किशोरवयात मात्र दोन्ही नकोत, कारण त्या वयात बीजकोश मुळातच जास्त असतात. तिथे पहिल्या दोन्ही गोष्टी लागतात.

टेस्टोस्टेरॉनचा नुसता एकूण आकडा फसवू शकतो. एसएचबीजी हे प्रथिन म्हणजे एसटीतल्या सीटा समजा. सीटवर बसलेला टेस्टोस्टेरॉन गप्प असतो, धक्काबुक्की करतो तो उभा राहिलेला! इन्सुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं, म्हणजे सीटाच कमी. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉनला एसएचबीजीने भागून १०० ने गुणतात. हा फ्री अँड्रोजन इंडेक्स. युनिट मात्र सांभाळा! दोन्ही आकडे नॅनोमोल प्रति लिटरमध्ये हवेत. टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये छापला असेल तर आधी २८.८ ने भागा.

याशिवाय टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन बघतात, कारण थायरॉईडसारख्या दुसऱ्या आजारांतही पाळी बिघडते. ते आधी बाद करायचे.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचा १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉटरडॅम निकषाने २२.५ टक्के मुलींत पीसीओएस निघाला, दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच! म्हणजे एका आकड्यावरून घाबरायचं नाही. आणि त्यातल्या बहुतेक जणी लठ्ठ नव्हत्या. तेव्हा "तू तर बारीक आहेस, तुला काय होणार?" हेही खरं नाही.

माझ्या दोन अटी पूर्ण झाल्या, त्यामुळे सोनोग्राफी लागलीच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर मात्र तपासली, कारण पुढे मधुमेहाचा धोका असतो. ती नॉर्मल आली. आता रोज चालते, औषध वेळेवर घेते.

एक विनंती रेक्टर मॅडमना. या तपासण्या शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी कराव्या लागतात. पाळीच दोन महिन्यांनी येते, तो दिवस हुकला तर पुन्हा वाट बघायची. म्हणून त्या सकाळी गेटपास मागितला तर कारण चारचौघांत विचारू नका. आणि मैत्रिणींनो, तारखा लिहून ठेवा. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांत आधी त्याच विचारल्या होत्या. मला एकही आठवत नव्हती!