पन्नास अक्षरांवरचा थांबा

1986 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड गिलमूर आणि जॉन लिस यांनी फळमाशीच्या पेशींवर अतिनील किरणांचा झोत टाकला. त्या किरणांमुळे डीएनएवर बसलेली प्रथिनं जागच्या जागी चिकटून राहतात. तेव्हा दिसलं ते विलक्षण होतं. उष्णतेपासून पेशीला वाचवणारं एक जनुक उष्णता लागण्याआधी गप्प असतं, पण जनुकाची आरएनए-प्रत उतरवणारं यंत्र त्याच्या तोंडाशी आधीच येऊन बसलेलं होतं!

आपल्या पेशींतही हेच घडतं, आणि तेही हजारो जनुकांवर. या यंत्राचं नाव आरएनए पॉलिमरेज-2. ते लिहायला लागतं, 20 ते 60 अक्षरं झाली की थबकतं आणि गुडघ्याला बाशिंग बांधून परवानगीची वाट पाहतं. त्याला अडवतात दोन प्रथिन-संकुलं, डीसिफ आणि नेल्फ. जपानमध्ये हिरोशी हांडा यांच्या गटानं 1998 आणि 1999 मध्ये ती शोधून काढली. परवानगी देतं ते पी-टेफबी नावाचं तिसरं संकुल. ते नेल्फला, डीसिफला आणि खुद्द यंत्रालाही फॉस्फेट जोडतं. नेल्फ गळून पडतं. डीसिफ मात्र जागचं हलत नाही. क्षणापूर्वी वाट अडवणारं हेच प्रथिन आता पुढच्या सगळ्या प्रवासात यंत्राला साथ देतं. एकाच प्रथिनाची ही दोन रूपं मला या साऱ्या कथेत सर्वांत सुंदर वाटतात.

आणि प्रवास किती लांबचा! स्नायूंना बळकटी देणाऱ्या डिस्ट्रॉफिनचं जनुक सुमारे 22 लाख अक्षरांचं आहे. ते एकदा उतरवायला सुमारे 16 तास लागतात. वाटेत यंत्र डीएनएवरून सुटलं, तर उरलेलं काम तिथून पुढे उचलता येत नाही; पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागते.

एवढ्या मोलाचं पी-टेफबी पेशी मोकाट सोडत नाही. त्यातलं बरंचसं 7-एसके नावाचा आरएनए आणि हेक्झिम प्रथिन यांनी जखडून ठेवलेलं असतं. एचआयव्हीनं नेमकं हेच हेरलं आहे. आपल्या डीएनएत शिरलेल्या या विषाणूची जनुकंही याच थांब्यावर अडतात. थांबलेल्या यंत्रातून बाहेर आलेल्या तोकड्या आरएनएची केसात लावायच्या आकड्यासारखी घडी पडते. विषाणूचं टॅट हे प्रथिन पी-टेफबीला मिळवून त्या घडीवर आणून बसवतं. म्हणजे अडलेल्या यंत्राचंच अर्धवट लिखाण त्याला सोडवायच्या कामी येतं!

टॅट पुरेसं नसेल, किंवा निवांत असलेल्या पेशीत पी-टेफबीच तुटपुंजं असेल, तर विषाणू मुकाट पडून राहतो. सध्याची औषधं विषाणूची वाढ रोखतात, पण अशा दडलेल्या विषाणूला हुडकून नष्ट करू शकत नाहीत. म्हणूनच एचआयव्हीबाधितांनी रक्तात विषाणू दिसेनासा झाला तरी उपचार थांबवायचे नसतात.